एसएमपीएस डेड असेल तर आधी मोठा कपॅसिटर बघा

एसएमपीएस (चार्जर वगैरेमध्ये असतो तो स्विचिंग पॉवर सप्लाय) बंद पडला की बरेच जण डायरेक्ट आयसीच (त्याला कंट्रोल करणारी चिप) बदलायला घेतात, तसं करू नका प्लीज. आत करंट कुठून कुठे जातो हे एकदा डोक्यात बसलं की फॉल्ट शोधणं खूप सोपं होतं.

२३० व्होल्ट एसी फ्यूजमधून ब्रिजवर (चार डायोडचा रेक्टिफायर) येतो, तिथे त्याचा डीसी होतो आणि मोठ्या कपॅसिटरवर (ज्यावर ४०० किंवा ४५० व्होल्ट लिहिलेलं असतं तो) साधारण ३२५ व्होल्ट जमतात, कारण एसीचं टोक २३० च्या १.४१४ पट असतं आणि कपॅसिटर त्या टोकापर्यंत चार्ज होतो. पुढे मोसफेट (स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर) हा डीसी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो, छोट्या चार्जरमध्ये बऱ्याचदा ६५ हजारांच्या आसपास. मोसफेट चालू असताना ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत (मेन्सकडच्या गुंडाळीत) करंट वाढत जातो, एनर्जी फेराइट ट्रान्सफॉर्मरमध्ये साठते आणि तेव्हा सेकंडरीचा (आउटपुटकडच्या गुंडाळीचा) डायोड बंदच असतो, मग मोसफेट बंद झाला की पोलॅरिटी उलटते, डायोड चालू होतो नि ती सगळी एनर्जी आउटपुटला जाते. हाच फ्लायबॅक. एका वेळी थोडीशीच एनर्जी न्यायची असते म्हणून ट्रान्सफॉर्मर एवढासा पुरतो. आउटपुट वाढलं तर ऑप्टोमधून (प्रकाशाने सिग्नल पाठवणारा पार्ट) आयसीला निरोप जातो, मग तो मोसफेटला कमी वेळ चालू ठेवतो.

आता चेकिंग. पहिल्यांदा सप्लाय देताना १०० वॉटचा जुना फिलामेंट बल्ब सिरीजमध्ये लावा (एलईडी बल्ब चालत नाही), बल्ब फुल पेटून तसाच राहिला तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे, बहुतेक ब्रिज किंवा मोसफेट. मीटरची काळी प्रोब मोठ्या कपॅसिटरच्या मायनसलाच ठेवा, आउटपुटच्या मायनसला नाही, दोन्ही बाजू वेगळ्या असतात. ३२५ नाही मिळाले तर फ्यूज, एनटीसी (सुरुवातीचा करंट रोखणारा रेझिस्टर), ब्रिज बघा. ३२५ आहेत पण आउटपुट शून्य असेल तर स्टार्टअप रेझिस्टर (आयसीला सुरुवातीचा सप्लाय देणारा) आणि आयसीच्या व्हीसीसीचा (त्याच्या स्वतःच्या सप्लायचा) छोटा कपॅसिटर बघा, हा छोटा कपॅसिटर वरून एकदम चांगला दिसतो तरी आतून सुकलेला असतो, मी तर आधी तोच बदलून बघतो. टिक टिक आवाज येत असेल तर आयसी सुरू होऊन परत बंद पडतोय, तेव्हा सेकंडरीचा डायोड शॉर्ट आहे का ते बघा.

आणि हात लावण्याआधी प्लग काढून मोठा कपॅसिटर १० के (१० हजार ओहम), ५ वॉटच्या रेझिस्टरने डिस्चार्ज करा, स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका, मग मीटरवर व्होल्टेज शून्याजवळ आलंय हे स्वतः बघूनच बोर्ड उचला.