दहांपैकी एक माघारी आला: दिवसभरातील देवाच्या कामाला उत्तर कसे द्यावे

लूककृत शुभवर्तमानाच्या १७व्या अध्यायात येशूला दहा कुष्ठरोगी भेटतात. याजकांकडे जाण्यास सांगितल्यावर ते निघतात आणि वाटेतच शुद्ध होतात. परंतु मोठ्याने देवाचे गौरव करीत माघारी येतो तो एकच, आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या दृष्टीने परका. उरलेल्या नऊ जणांनी आज्ञा मोडली नव्हती, उलट सांगितलेल्या वाटेनेच ते चालले होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपलेही बहुतेक वेळा तसेच होते. रविवारची उपासना आणि दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग अर्पण करणे, चुकत नाही, मात्र मंगळवारी देवाने आपल्यासाठी काय केले हे पाहून मागे वळणे राहून जाते. ते वळणे कसे शिकावे, यासाठी हे लेखन आहे.

रात्रीच्या जेवणानंतरची दहा मिनिटे राखून ठेवावीत आणि एक साधी वही घ्यावी. सोळाव्या शतकातील संत इग्नाशियस लोयोला यांनी रोजच्या आत्मपरीक्षणाचे पाच मुद्दे घालून दिले होते आणि त्यांतील पहिला उपकारस्तुतीचा होता. पापाची आठवण त्यानंतर येते. हा क्रम पाळावा. सकाळपासूनचा दिवस ठिकाणांप्रमाणे आठवावा: गोठा, मळा, एस.टी. स्थानक, बाजार समिती, दवाखाना. जे आठवेल ते आपल्या बोलीत मांडावे. अहिराणी, मावची किंवा पावरी घरात बोलली जात असेल, तर प्रार्थनाही त्याच बोलीत करावी, कारण पाठ झालेल्या प्रमाण वाक्यांमागे खरा दिवस सहज दडून जातो.

लिहिताना मोघम राहू नये. ‘देवाने सांभाळले’ हे वाक्य खरे असले तरी त्याला उत्तर देता येत नाही. काही वर्षांपूर्वी सुरत–भुसावळ मार्गावरच्या गर्दीच्या गाडीत एका अनोळखी बाईंनी माझ्या आजारी आईला आपली जागा दिली आणि त्या नंदुरबारपर्यंत उभ्या राहिल्या. वहीत मी तेवढेच लिहिले आणि लिहिता लिहिता लक्षात आले की मी त्यांचे आभारही मानले नव्हते. त्या पुन्हा भेटल्या नाहीत. तेव्हापासून गाडीत आजारी माणूस दिसला की जागा देणे हे माझे त्यांना आणि देवाला दिलेले उत्तर झाले.

म्हणून नोंदीखाली लगेच एक कृती लिहावी, जी दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत पुरी होईल. कधी ती आभाराचा एखादा शब्द असेल. कधी लुबाडलेले परत करणाऱ्या जकातदार जक्कयाप्रमाणे चुकलेला हिशेब दुरुस्त करणे असेल, आणि मापात किंवा मजुरीत कोणाचे राहिलेले देणे तर प्रार्थनेआधीच चुकते करावे.

खानदेशात या उत्तराला शेतीतून फार मोठी वाट आहे. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २६व्या अध्यायात इस्राएली शेतकऱ्याला जमिनीच्या पहिल्या पिकाची टोपली देवापुढे ठेवायला सांगितले आहे; टोपली ठेवताना त्याने आपल्या पूर्वजांची भटकंती आणि मिसरातील (इजिप्तमधील) दास्य बोलून दाखवायचे आणि मग लेवी (देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशातील माणूस) व परक्यासह आनंद करायचा. आपणही कापसाची पहिली वेचणी किंवा केळीचा पहिला घड देवाला अर्पण करताना हे घर येथवर कसे आले, हे मुलांसमोर बोलावे. ‘लेवीय’ या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात शेताच्या कडा कापून घेऊ नका आणि सरवा, म्हणजे कापणीत मागे राहिलेले पीक, वेचू नका, तो गरीब व परक्यासाठी ठेवा, अशी आज्ञा आहे. सातपुड्यातून वेचणीला आलेली कुटुंबे आपल्या बांधावर राहत असतील, तर त्यांच्या मुलांना शाळेत पोचवणे आणि आजारपणात त्यांच्यासोबत दवाखान्यात जाणे, हा मला आजचा सरवा वाटतो.

वावधानाने केळीची बाग आडवी झाली, त्या रात्री मात्र उपकारस्तुती जबरदस्तीने लिहू नये आणि नुकसानीला देवाची शिक्षाही ठरवू नये. स्तोत्रकर्त्यांनी देवापुढे तक्रार मांडली आहे आणि ती पवित्र शास्त्रात जपलेली आहे. तशीच आपलीही मांडावी. पुढे मदतीला, पंचनाम्याच्या दिवशी सोबत थांबायला कोण आले, ते आठवडाभराने पाहावे.

मनात उठणारी प्रत्येक ओढ देवाचीच असते असेही नाही. देवाच्या घरात सेवा करणाऱ्या लहान शमुवेलाला रात्री हाक ऐकू आली तेव्हा ती कोणाची, हे त्याला प्रथम कळले नाही. ती देवाची आहे हे वृद्ध याजक एलीने ओळखले. जमीन विकणे, नोकरी सोडणे, कर्ज काढणे अशा मोठ्या गोष्टींत शास्त्र उघडावे, पाळकांशी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलावे आणि काही दिवस थांबावे. शेजाऱ्याच्या घरी भाकरी पोचवायला मात्र इतके थांबण्याचे कारण नाही.

शनिवारी रात्री सात दिवसांची पाने वाचून त्यांतील एक नोंद रविवारच्या साक्षीसाठी, म्हणजे उपासनेत सर्वांना सांगण्यासाठी, निवडावी. दोन मिनिटे पुरतात. मध्ये काही दिवस कोरे गेले असतील तर ती पाने मागाहून भरू नयेत. नवी तारीख घालावी आणि त्या दिवसाच्या गोठ्यापासून सुरुवात करावी.