हवाई वाहतूक व्यवस्थापनाची (एटीएम) नवी संकल्पना तपासताय? या चुका टाळा

व्हॅलिडेशनचा, म्हणजे विमानं हाताळायची नवी पद्धत कामाची आहे का हे तपासणाऱ्या चाचणीचा, अहवाल हातात आला की निष्कर्षांचं पान मी शेवटी वाचतो. आधी शोधतो ते वेळापत्रक: कोणता रन (सिम्युलेटरवरची एक फेरी) कधी झाला, कोणाला आधी जुनी पद्धत दिली आणि कोणाला नवी. पुष्कळ अहवालांचं खरंखोटं तिथेच कळतं. मेहनतीत कुणी कमी पडत नाही. महिनोन्‌महिने तयारी होते, सिम्युलेटर मिळवला जातो, रोस्टरमधून कंट्रोलर मोकळे केले जातात, आणि त्याच त्या चुकांपायी हाती आलेला डेटा कुठल्याच प्रश्नाचं उत्तर देत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ती पद्धत उद्या खऱ्या रडारसमोर बसलेल्या माणसाला वापरायची असते.

जुनं आधी, नवं नंतर

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. एका केंद्रात कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोन विमानं फार जवळ येण्याची शक्यता, आधीच दाखवणाऱ्या नव्या साधनाची रिअल-टाइम (खरे कंट्रोलर सिम्युलेटरवर बसवून केलेली) चाचणी होती. सकाळी जुनी पद्धत, दुपारी नवं साधन. ट्रॅफिक सॅम्पल तेच, फक्त कॉलसाइन (विमानांची रेडिओवरची नावं) बदललेले. निकाल देखणे आले: वर्कलोड उतरला, कॉन्फ्लिक्ट लवकर सुटू लागले. वरिष्ठांसाठी सादरीकरणही तयार झालं. चाचणीनंतरच्या चर्चेत, डीब्रीफमध्ये, एक ज्येष्ठ कंट्रोलर सहज म्हणाले, "तो दक्षिणेकडून चढत येणारा विमानवाला मला ठाऊकच होता हो, सकाळी त्यानेच घाम काढला होता." खोलीतल्या बाकीच्यांनी माना डोलावल्या.

कॉलसाइन बदलून काही होत नाही. कंट्रोलर ट्रॅफिक लक्षात ठेवतो ते आकारावरून: कुठून कोण येतं, कुठे कोणाला छेदतं, कोणता टप्पा अंगावर येतो. तीच प्रश्नपत्रिका दुसऱ्यांदा दिली तर गुण वाढणारच. त्या केंद्रात मग दुसऱ्या गटाला उलट क्रमाने बसवलं आणि फायद्याचा मोठा भाग गायब झाला. उरला तो फक्त प्लॅनर कंट्रोलरच्या, म्हणजे पुढच्या ट्रॅफिकची आखणी करणाऱ्याच्या, जागेवरचा. एक्झिक्युटिव्हच्या, म्हणजे विमानांशी थेट बोलणाऱ्याच्या, हातात साधनाने फारसं काही दिलं नव्हतं. हा निकाल पहिल्यापेक्षा कितीतरी मोलाचा होता, कारण पुढचं काम कुठे करायचं ते त्यातून कळलं.

माझी सवय अशी. सारख्याच अवघड पातळीची तीन-चार सॅम्पल करायची. अवघड पातळी कागदावर ठरवायची नाही. चाचणीत नसलेल्या कंट्रोलरकडून ती चालवून घ्यायची. मग निम्म्यांना नवं आधी, निम्म्यांना जुनं आधी, आणि सॅम्पलही फिरवायची. प्रशिक्षणाचे रन वेगळे ठेवायचे आणि त्यांचा डेटा निकालात घ्यायचा नाही. माणसाचा हात बसेपर्यंत मोजायला सुरुवात करायची नाही. "प्रशिक्षणाला वेळ नाही" असं सांगणाऱ्या टीमला माझं एकच उत्तर असतं: मग मोजायलाही वेळ नाही, चाचणी पुढे ढकला.

"एकदाही सेपरेशन (विमानांमधलं किमान अंतर) मोडलं नाही, म्हणजे सुरक्षित"

हे वाक्य वाचलं की मी पेन खाली ठेवतो. हिशोब करा. समजा ६० तासांच्या सिम्युलेशनमध्ये किमान अंतर एकदाही मोडलं नाही. n तासांत शून्य घटना असतील, तर खऱ्या दराची ९५ टक्के विश्वासार्हतेची वरची मर्यादा ढोबळमानाने ३ भागिले n येते. म्हणजे ६० तासांनंतर तुम्ही एवढंच म्हणू शकता, की अशी घटना दर २० तासांत एकदापेक्षा जास्त वेळा बहुधा घडत नाही. आता आरव्हीएसएम, म्हणजे विमानांमधलं उभं अंतर कमी करणारी पद्धत, बघा. उंचीतलं अंतर २००० फुटांवरून १००० फुटांवर आणताना लक्ष्य होतं दर उड्डाण-तासाला ५ × १०⁻⁹ जीवघेण्या अपघातांचं, म्हणजे २० कोटी तासांत एक. २० तास कुठे आणि २० कोटी कुठे!

युरोपात २४ जानेवारी २००२ रोजी एफएल२९० ते एफएल४१० (ढोबळमानाने २९ ते ४१ हजार फूट) या पट्ट्यात ती पद्धत लागू झाली, तेव्हा सिम्युलेटरने कंट्रोलरचं काम, सेक्टर (आकाशाचे वाटून दिलेले तुकडे) आणि नियम तपासले. सुरक्षिततेचा आकडा आला टक्करीच्या धोक्याच्या गणिती मॉडेलमधून, आणि त्या मॉडेलला आधार होता खऱ्या विमानांच्या उंची राखण्याच्या मोजमापांचा. ही वाटणी आजही तशीच ठेवा. रिअल-टाइम सिम्युलेशन धोके शोधायला उत्तम आहे: कंट्रोलर कुठे अडखळला, काय उशिरा पाहिलं, कशावर आंधळा विश्वास टाकला. धोक्याचा दर सिद्ध करायचं काम त्याच्याकडून मागू नका. सेफ्टी केसमध्ये, म्हणजे सुरक्षितता पटवून देणाऱ्या दस्तऐवजात, "शून्य घटना" हा पुरावा म्हणून मांडला, तर जाणता तपासनीस तो पहिल्याच वाचनात बाजूला काढेल, आणि ते बरोबरच आहे.

एका वेळी दोन बदल

नवं साधनही आणलं आणि सेक्टरच्या सीमाही बदलल्या. फायदा कशाचा? कुणालाच सांगता येत नाही. बेसलाइनचं, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या जुन्या पद्धतीचंही तेच: नव्या संकल्पनेला भविष्यातलं वाढीव ट्रॅफिक आणि जुनीला आजचं, अशी तुलना करू नका. दोन्हींना तेच ट्रॅफिक, तेच सेक्टर, तोच वारा. आणि जुनी पद्धतही ती उत्तम वापरणाऱ्या कंट्रोलरच्या हातात द्या. मुद्दाम कमकुवत केलेल्या बेसलाइनला हरवण्यात काही अर्थ नाही.

थेट सिम्युलेटरवर उडी

नव्या लोकांची घाई इथे दिसते. युरोपातल्या हवाई वाहतुकीची संस्था युरोकंट्रोल हिची ई-ओसीव्हीएम ही व्हॅलिडेशनची पद्धती संकल्पनेचं आयुष्य व्ही० ते व्ही७ अशा टप्प्यांत मांडते. व्ही१मध्ये व्याप्ती, व्ही२मध्ये व्यवहार्यता, व्ही३मध्ये उद्योगाकडे देण्याआधीची एकत्रित तपासणी. लोकांना व्ही१ कंटाळवाणा वाटतो. पण नकाशा आणि विमानांची माहिती लिहिलेल्या पट्ट्या टेबलावर पसरून तीन अनुभवी कंट्रोलरबरोबर काढलेली एक दुपार निम्म्या संकल्पनांमधलं मोठं भोक दाखवून देते, आणि तेव्हा ते बुजवायला खर्च जवळजवळ नसतो. क्षमतेचा ढोबळ प्रश्न फास्ट-टाइम मॉडेलला (माणसाशिवाय संगणकावर वेगाने चालणाऱ्या सिम्युलेशनला) विचारा. सिम्युलेटरवर माणूस बसवायचा तो माणसाविषयीच्या प्रश्नासाठी.

सगळं सुरळीत चालणारा दिवस

स्यूडो-पायलट (सिम्युलेटरमध्ये पायलटची भूमिका करणारा) लगेच ऐकतो, रीडबॅक, म्हणजे सूचना परत म्हणून दाखवणं, चुकवत नाही, वळायला उशीर करत नाही. वारा नाही, वादळ नाही, साधन कधी बंद पडत नाही. अशा दिवशी कुठलीही संकल्पना पास होते. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या उबरलिंगेनवर दोन विमानं आदळून ७१ जण गेले. त्या रात्री रडार यंत्रणा कमी क्षमतेवर चालत होती, मुख्य फोन दुरुस्तीसाठी बंद होते, आणि एकच कंट्रोलर दोन जागा सांभाळत होता. यातली प्रत्येक गोष्ट एकेकटी नेहमीच घडत असते. म्हणून तुमच्या चाचणीत साधन बंद पडणारे, फोन नसलेले, माणूस कमी असलेले रन आधीपासून लिहून ठेवा, आणि कंट्रोलरना ते कधी येणार ते सांगू नका.

आता थोडक्यात उरलेल्या. यशाचे निकष डेटा येण्याआधी लिहून सही करा, नंतर नाही. फक्त सरासरी देऊ नका. सगळ्यात वाईट दहा मिनिटं वेगळी दाखवा. प्रोटोटाइपचा स्क्रीन अडकत असेल तर आधी तो दुरुस्त करा, नाहीतर लोक संकल्पनेऐवजी स्क्रीनला गुण देतील. नासा-टीएलएक्स ही वर्कलोडची प्रश्नावली दिवसाच्या शेवटी भरून घेऊ नका, प्रत्येक रन संपताच घ्या. ज्यांनी संकल्पना रचली त्यांनाच चाचणीचे कंट्रोलर म्हणून बसवू नका. आणि "कंट्रोलरना आवडलं" हा निकाल नाही.

एक शेवटची, जी फार कमी लोक पाहतात. आयएसए या वर्कलोड मोजण्याच्या पद्धतीत कंट्रोलरला ठरावीक मिनिटांनी १ ते ५ मधलं बटण दाबायचं असतं. विश्लेषणात लोक न दाबलेल्या जागा "डेटा नाही" म्हणून गाळतात. पण बटण राहून जातं ते बहुतेक वेळा हात आणि डोकं दोन्ही गुंतलेलं असताना, म्हणजे वर्कलोड सगळ्यात जास्त असताना! त्या जागा गाळल्या की सरासरी आपोआप खाली येते आणि नव्या पद्धतीचं कौतुक होतं. प्रत्येक रिकाम्या जागेची वेळ लिहा, त्या मिनिटाचं रडार आणि आवाजाचं रेकॉर्डिंग उघडा, आणि रन संपल्यावर कंट्रोलरला तिथेच विचारा की त्या क्षणी काय चाललं होतं.