मॉरिशसला गेलेल्या पूर्वजाचा माग: आडनाव सोडा, नंबर शोधा

मॉरिशसमधल्या मराठी घराण्याचा मूळपुरुष शोधताना बहुतेकांची पहिली फसगत आडनावापाशी होते. 1834 ते 1910 या काळात गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, आलेल्या मजुराच्या नोंदीत सहसा त्याचं आणि बापाचं नाव, एवढंच असतं. आज आडनाव म्हणून लावतात ते बहुधा कुणा आजा-पणज्याचं पाळण्यातलं नाव. कधी ते पिढीगणिक बदलतं: धोंडूचा मुलगा ‘रामा धोंडू’, त्याचा मुलगा ‘सखाराम रामा’.

म्हणून खालून वर चढा. स्वतःपासून सुरुवात करून प्रत्येक पिढीचे जन्म, लग्न आणि मृत्यू असे तिन्ही दाखले मॉरिशसच्या सिव्हिल स्टेटस ऑफिसातून काढा. दाखल्यातलं स्पेलिंग दुरुस्त करू नका, आहे तसं उतरवा. मध्येच बाप सापडेनासा झाला तर आईच्या नावाने पाहा. नुसतं धर्मविधीने लागलेलं लग्न सरकारदरबारी नोंदलेलं नसे, त्यामुळे मुलं आईच्या नावावर लागलेली आढळतात.

भारतात जन्मलेला माणूस लागला की थांबा. त्याच्या मृत्यूच्या किंवा मुलांच्या जन्माच्या नोंदीत त्याचा इमिग्रंट नंबर, म्हणजे बेटावर आल्यावर मजुराला दिलेला क्रमांक, बऱ्याचदा मिळतो. सगळी किल्ली तिथेच आहे. जुन्या हस्ताक्षरात 1 आणि 7, 3 आणि 8 हमखास गोंधळ घालतात. शक्य ते सगळे पर्याय लिहून ठेवा.

आता दाखल्यांची साखळी घेऊन मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या अभिलेखागारात अर्ज करा. रजिस्टरात वय, उंची, अंगावरच्या खुणा, जहाज आणि गाव मिळू शकतं. 1860 च्या दशकानंतर आलेला असेल तर नशिबाने फोटोही. नंबर चढत्या क्रमाने दिलेले असल्यामुळे आधीचे-नंतरचे वीस-वीस नंबरही बघा. एकाच गावची माणसं एकाच जहाजाने आलेली असू शकतात, आणि तुमच्या नोंदीतलं न लागणारं गाव शेजारच्या ओळीत स्वच्छ लिहिलेलं असू शकतं.

गाव वाचताना घाई नको. रोमन लिपीत ‘ठ’चा ट आणि ‘ळ’चा ल होतो, मिठबावचं ‘मिटबाव’ होणारच. मोठ्याने वाचा, कोकणातल्या माणसाला ऐकवा. ‘बॉम्बे’ हे जहाज सुटल्याचं बंदर, घर नव्हे. जातीच्या रकान्यातल्या ‘मराठा’वरही फार विसंबू नका, मराठी बोलणाऱ्या कुणालाही तो शब्द चिकटे.

जिल्हा ‘रत्नागिरी’ असेल तर आजचा सिंधुदुर्गही तपासा, तो 1 मे 1981 रोजी वेगळा झाला. सावंतवाडी मात्र गिरमिटाच्या काळात वेगळं संस्थान होतं. एकाच नावाची गावं अनेक तालुक्यांत असतात, तेव्हा आधी तालुका पक्का करा. गावात चौकशीला जाताना गेलेल्याच्या नावापेक्षा त्याच्या बापाचं नाव आणि घरात अजून पाळला जाणारा कुळाचार सांगा. दीडशे वर्षांपूर्वी निघून गेलेला माणूस कुणाला आठवत नाही, पण अमुक देवाचा गोंधळ कुठल्या घरात घालतात, हे वाडीतली म्हातारी माणसं सांगू शकतात.