पेनसिल्व्हेनियात पहिली हंटिंग रायफल घेताय? कमी बजेटमध्ये काय बघायचं

थँक्सगिव्हिंग झाला की ऑफिसातले अर्धे लोक गायब, मग जानेवारीत कोणीतरी व्हेनिसनचं (हरणाच्या मांसाचं) पाकीट आणून हातात ठेवतं, आणि असं होता होता आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटायला लागतं की एकदा आपणही जावं. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हा विषयच संपला, त्यामुळे रायफल कशी निवडायची हे आपल्याला घरात कोणी शिकवलेलं नसतं. कोकणात कोणाच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक असायची, पण ती माहिती इथे काउंटरवर काही कामाची नाही. म्हणून हे लिहितोय, पहिलीच रायफल घेणाऱ्यांसाठी आणि स्कोप (नेम धरायची दुर्बीण) धरून साधारण सातआठशे डॉलरमध्ये भागवायचंय अशांसाठी.

आधी कागद. एच-वन-बी, एल-वन असल्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने तुम्हाला बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगायला मनाई आहे, पण त्याला एक अपवाद आहे, तुमच्याकडे एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर चालतं. म्हणजे क्रम असा की आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग लायसन्स, मग दुकान. उलटं करू नका. दुकानात फॉर्म 4473 (बंदूक खरेदीचा फेडरल फॉर्म) भरायला देतात त्यात व्हिसाचा प्रश्न सरळ विचारलेला असतो, तिथे खोटं लिहिलं तर तो फेडरल गुन्हा. लायसन्सची मुदत संपली आणि रायफल घरात राहिली तर तोही लफडा, म्हणून इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारून घ्या. ग्रीन कार्डवाल्यांना व्हिसाची ही अडचण नाही. आणि कोणी मित्र म्हणाला की 'माझ्या नावावर घेतो, पैसे तू दे', तर त्याला हात जोडा, तो प्रकार वेगळाच गुन्हा आहे आणि दोघेही अडकाल.

दुसरी गोष्ट, आपली बहुतेक मंडळी राहतात ती फिलाडेल्फियाच्या आजूबाजूला, म्हणजे बक्स, माँटगोमरी, चेस्टर, डेलावेअर काउंटीत, नाहीतर पिट्सबर्गच्या ॲलेगेनीत. हे सगळे स्पेशल रेग्युलेशन्स एरिया आहेत, इथे हरणासाठी सेंटरफायर रायफल (या लेखातल्या सगळ्या त्याच) चालत नाही, शॉटगन वगैरे चालते. रायफल घेऊन तुम्हाला वर उत्तरेकडे किंवा मधल्या डोंगराळ भागात जावं लागणार. गेम कमिशन (शिकारीचं सरकारी खातं) दरवर्षी नियमांचं पुस्तक काढतं, ते वाचूनच पैसे खर्च करा. शेजारच्या ओहायोत तर हरणासाठी फक्त सरळ भिंतीच्या (तोंडाशी निमुळत्या न होणाऱ्या) काडतुसाच्या रायफली चालतात, .350 लेजंडसारख्या, तिथे .308 घेऊन गेलात तर ती गाडीतच राहील.

रायफल बोल्ट-ॲक्शन घ्या, म्हणजे दर गोळीनंतर हाताने बोल्ट ओढायची. तीच का, तर एकतर पेनसिल्व्हेनियात हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक (पुढचं काडतूस आपोआप भरणारी) रायफल चालतच नाही, आणि दुसरं म्हणजे कमी पैशात सगळ्यात नेमकी तीच मारते. यंत्र साधं आहे, जुन्या वाड्याच्या दाराच्या कडीसारखं, उचला, मागे ओढा, पुढे ढकला, खाली पाडा. बिघडायला फारसं काही नाही.

कॅलिबरवर (काडतुसाच्या मापावर) लोक तासन् तास भांडतात, तुम्ही नका भांडू. .308 विंचेस्टर, 6.5 क्रीडमूर, .243 विंचेस्टर, .270, .30-06, यातल्या कशानेही पांढऱ्या शेपटीचं हरीण व्यवस्थित पडतं, गोळी योग्य जागी लागली तर. नवीन माणसाला माझं मत 6.5 क्रीडमूर किंवा .308. क्रीडमूरचा धक्का .308 पेक्षा कमी, आणि खांद्याची भीती बसली की माणूस चाप (ट्रिगर) ओढताना डोळे मिटतो, मग कितीही भारी रायफल असू दे. .308 चा फायदा हा की काडतुसं कुठल्याही छोट्या गावातल्या दुकानात मिळतात आणि सरावाची स्वस्त काडतुसं भरपूर. अंगाने बारीक असाल किंवा घरातलं कोणी पोरगं-पोरगी पण वापरणार असेल तर .243. मॅग्नम (जास्त दारूचं, जोरात धक्का देणारं काडतूस) नावाचं काही घेऊ नका, दुकानदार कितीही भरीला घालो.

आता मॉडेल. स्वस्तात तीन नावं परत परत येतील, सॅव्हेज ॲक्सिस, रूगर अमेरिकन आणि मॉसबर्ग पॅट्रियट. ॲक्सिस सगळ्यात स्वस्त, चारशेच्या आसपास, नळी चांगली, पण साध्या ॲक्सिसचा ट्रिगर जड असतो म्हणून पन्नासेक डॉलर जास्त घालून ॲक्सिस टू घ्या, त्यात ॲक्युट्रिगर (सॅव्हेजचा हलका, सेट करता येणारा ट्रिगर) येतो. रूगर अमेरिकन 2012 मध्ये आली आणि या भावातल्या सगळ्यांची झोप उडवली. तिचा बोल्ट फक्त 70 अंश उचलावा लागतो त्यामुळे हात स्कोपला आपटत नाही, ट्रिगर तीन ते पाच पौंडात आपला आपण सेट करता येतो. नवीन जनरेशन टू महाग आहे, पण तिला तीन पोझिशनची सेफ्टी आहे, सेफ्टी लावलेली असताना बोल्ट उघडून काडतुसं बाहेर काढता येतात, नवशिक्यासाठी ही गोष्ट फार मोलाची. पॅट्रियटला लाकडी दस्ता मिळतो आणि दिसायला ती या तिघींत उजवी. बजेट थोडं ताणता आलं तर फिनलंडची टिक्का टी3एक्स, बोल्ट लोण्यासारखा सरकतो, पण मग स्कोपला पैसे उरणार नाहीत आणि तो सौदा मला पटत नाही. डावखुरे असाल तर सॅव्हेज आणि रूगर दोघांकडे डाव्या हाताची मॉडेलं आहेत, आधी विचारा.

दुकानात रायफल हातात आली की रिकामी आहे का ते स्वतः बघा, दुकानदाराने बघितली असली तरी, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) डोळ्याने आणि बोटाने खात्री करा. मग खिशातली एक डॉलरची नोट काढा, नळी आणि दस्त्याच्या पुढच्या भागाच्या मधे सारा आणि मागे ओढत न्या. चेंबरपाशी अडेपर्यंत ती मोकळी सरकली पाहिजे. आता दस्ता हाताने नळीकडे दाबून परत तेच करा. स्वस्त प्लॅस्टिकचा दस्ता इथे वाकतो आणि नळीला टेकतो, नोट अडकते. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) बेंचवर वाळूच्या पिशवीवर ठेवून मारताना फरक पडणार नाही, पण जंगलात झाडाच्या फांदीला टेकवून मारलं की नेम सरकतो. थोडं वाकणं चालेल, सहज टेकत असेल तर दुसरी बघा.

दस्त्याची लांबी सगळे विसरतात. साधारण पावणेचौदा इंचाचे दस्ते सहा फुटी माणसाला डोळ्यासमोर ठेवून बनवलेले असतात, आपल्या सव्वापाच फुटी माणसाने वर जाडं जॅकेट घातलं की डोळा स्कोपपासून मागे राहतो आणि अर्धं चित्र काळं दिसतं. दस्त्याची मागची बाजू कोपराच्या खोबणीत ठेवा, बोट ट्रिगरवर आरामात पोचतंय का बघा. नाही पोचलं तर कॉम्पॅक्ट मॉडेल मागा, त्यात लाज काही नाही. थंडीचे ग्लव्हज बरोबर न्या आणि ते घालून बोल्ट चारदा फिरवा, मॅगझिन काढून घाला. लोक हसले तर हसू द्या.

स्कोपवर हात आखडता घेऊ नका. रायफलबरोबर पॅकेजमध्ये फुकट म्हणून जो येतो तो संध्याकाळच्या उजेडात मान टाकतो, आणि हरीण नेमकं तेव्हाच येतं. लिऊपोल्ड व्हीएक्स-फ्रीडम किंवा व्होर्टेक्स क्रॉसफायरचा साधा 3-9x40 (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, पुढची काच 40 मिमीची) पुरे, पेनसिल्व्हेनियाच्या झाडीत बहुतेक वेळा शंभर यार्डांच्या आतलाच नेम असतो. बसवताना डोळ्यापासून तीनसाडेतीन इंच अंतर ठेवा, नाहीतर धक्क्याने भुवईवर अर्धचंद्र उमटतो. बेसचे (स्कोप ज्यावर बसतो त्या पट्टीचे) स्क्रू टॉर्क ड्रायव्हरने घट्ट करा, नवीन रायफल 'इकडेतिकडे मारते' म्हणून दुकानात परत येते तेव्हा बऱ्याचदा दोष या ढिल्या स्क्रूंचा असतो.

नेम बसवताना थेट शंभर यार्डांवर जाऊ नका. पंचवीस यार्डांवर टार्गेट लावा, रायफल पिशव्यांवर पक्की ठेवा, बोल्ट काढा आणि मागून नळीतून टार्गेट बघा, मग रायफल न हलवता स्कोपची फुली त्याच ठिकाणी आणा. ही सोय बोल्ट-ॲक्शनलाच. मग तीन गोळ्या, दुरुस्ती, आणि नंतर शंभरावर. बहुतेक स्कोपच्या चकतीची एक क्लिक शंभर यार्डांवर नेम पाव इंच सरकवते. .308 चं 150 ग्रेन वजनाच्या गोळीचं काडतूस असेल तर शंभरावर दीडदोन इंच वर ठेवा, म्हणजे दोनशेपर्यंत फार विचार करावा लागत नाही. हरणाची छातीतली मर्माची जागा साधारण आठ इंचांची असते, त्यामुळे तीन गोळ्या दीड इंचात पडल्या तर रायफल उत्तम आहे, पाऊण इंचासाठी जीव काढू नका. सराव मात्र ज्या काडतुसाने शिकार करणार त्यानेही करा, ब्रँड बदलला की गोळी दुसरीकडे पडते.

सेकंडहँडमध्ये चांगला माल मिळतो, फक्त रेमिंग्टन 700 दिसली तर सीरियल नंबर तपासा. 2006 ते 2014 मधल्या बऱ्याच रायफलींचा एक्स-मार्क प्रो ट्रिगर 2014 मध्ये रिकॉल झाला (कंपनीने परत मागवला) होता, चाप न ओढता गोळी सुटायची शक्यता म्हणून, आणि ती जुनी कंपनी 2020 मध्ये दिवाळखोरीत गेली. नळीच्या तोंडाशी टॉर्च मारा, खड्डे किंवा टवका दिसला तर सोडून द्या.

खरेदी जून-जुलैत करा. ऑक्टोबरात दुकानात उभं राहायला जागा नसते, तुमच्या कॅलिबरची काडतुसं संपलेली असतात आणि रेंजवर रांग. गेम लँडच्या (गेम कमिशनच्या जमिनीवरच्या) रेंजवर हंटिंग लायसन्स किंवा रेंज परमिट लागतं. आणि त्याच दिवशी लॉक लागणारी कपाटवजा सेफ घेऊन या, सेफचे पैसे बजेटच्या वर धरा.