अल्बम आयुष्यभर सोबत राहावा असं वाटत असेल तर तो ऐकायचा कसा

एखादा अल्बम वीस वर्षांनी लावला तरी एक गाणं संपता संपता पुढच्याची सुरुवात डोक्यात आधीच वाजायला लागते, आणि मागच्या महिन्यात जे आठवडाभर वेड्यासारखं ऐकलं त्यातली आज एक ओळ आठवत नाही. यावर लोकांचं ठरलेलं उत्तर असतं की हल्ली तसं संगीतच बनत नाही. मला हे अजिबात पटत नाही. बनतंय की, भरपूर बनतंय. भारी अल्बम पण लोक विसरतात आणि ठीकठाक अल्बम जन्मभर चिकटून राहतात, कारण मुद्दा भारीपणाचा नाहीचे, आयुष्याच्या एका ठरावीक काळात, एकाच क्रमाने, परत परत ऐकलेला अल्बम राहतो. आणि हे मुद्दाम जमवता येतं.

सुरुवात निवडीपासून. शंभर बेस्ट अल्बमची यादी घेऊन एकेक टिक करत जाऊ नका, तो परीक्षेचा अभ्यास होतो. त्यापेक्षा ज्यातली एक-दोन गाणी आवडलीयेत आणि बाकीची अजून नीट कळलेली नाहीत असा अल्बम घ्या. पहिल्या फटक्यात सगळंच्या सगळं आवडलं तर बऱ्याचदा ते लवकर संपतं पण. आणि लांबी बघा, ४० मिनिटांच्या आसपास असेल तर उत्तम. हा आकडा काही हवेतून नाही आलेला, १९४८ मध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी रेकॉर्ड आणली, तिच्या एका बाजूला साधारण २०-२२ मिनिटं बसायची, त्यामुळे पहिली बाजू कुठल्या गाण्यावर संपवायची आणि रेकॉर्ड पलटल्यावर आधी काय वाजायला हवं याचा करणाऱ्यांना विचार करावाच लागायचा. १९८२ ला सीडी आली, तिच्यात ७४ मिनिटं मावायला लागली आणि मग जागा आहे तर भरा असं सुरू झालं (हे माझं मत, पण सीडीच्या जमान्यातले लांबलचक अल्बम शेवटपर्यंत ऐकून बघा). वेळ कमी असेल तर जुना अल्बम एका वेळी एक बाजू असा ऐकला तरी चालतो, तो बनलाच होता तसा.

आता ॲपच्या सेटिंग्ज, हे लोक हमखास विसरतात. शफल, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने वाजवणारी सोय, बंद करा. २०२१ मध्ये गायिका अडेलच्या सांगण्यावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावर शफल आपोआप पुढे येणं बंद केलं होतं, तिचं म्हणणं साधं होतं की क्रम आम्ही विचार करून लावतो, तर तसाच ऐका. क्रॉसफेड म्हणजे एका गाण्यावर दुसरं चढवणारी सोय, तीही बंद, आणि गॅपलेस, म्हणजे दोन गाण्यांच्या मध्ये खंड न पडू देणारी सोय, चालू. पिंक फ्लॉइड या बँडच्या १९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून' मध्ये गाणी एकमेकांत मिसळत जातात, तिथे मध्येच अर्ध्या सेकंदाची शांतता आली की सगळी मजा गेली. अजून एक, अल्बम संपल्यावर ॲप स्वतःच्या मनाने "असंच काहीतरी" वाजवायला लागतं तो ऑटोप्ले पण घालवा. शेवटच्या गाण्यानंतर खरंच काही वाजायला नको, तो शेवट कानात राहायला पाहिजे.

प्रत्यक्ष ऐकताना पहिल्या तीन वेळा मत बनवू नका. आवडलं की नाही हा प्रश्नच नको, नुसतं पूर्ण जाऊ द्या. हात कामात असले तर हरकत नाही, चालणं, भांडी घासणं, कपड्यांच्या घड्या घालणं सगळं चालतं, पण ज्या कामात शब्द आहेत ते नको, म्हणजे वाचन, चॅटिंग, फोनवर स्क्रोल करत बसणं. डोकं एका वेळी एकाच ठिकाणचे शब्द नीट घेतं, दुसरीकडचे नुसते वाहून जातात.

मग परत ऐका, आणि परत. रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच दाखवलं होतं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती जास्त आवडायला लागते. पण एका दिवसात पाच वेळा ऐकण्यापेक्षा पाच दिवस रोज एकदा बरं, मधल्या झोपेत आणि मधल्या दिवसात ते जास्त मुरतं. ज्या गाण्याला हात स्किपकडे जातो तिथेच थांबा. ते कंटाळवाणं गाणं बहुतेक वेळा पुढच्यासाठी जागा करत असतं, ते काढलं तर पुढचं पण तितकंसं लागत नाही, आणि कधीकधी वर्षभराने तेच सगळ्यात आवडतं होतं.

क्रमाचा एवढा आग्रह का, तर २००९ मध्ये आलेल्या एका संशोधनात लोकांना त्यांच्या पाठ असलेल्या सीडीवरच्या गाण्यांचे शेवट ऐकवले आणि पुढे नुसती शांतता ठेवली, तर त्या शांततेत पण त्यांच्या मेंदूचा पुढचा भाग कामाला लागलेला दिसला, अनोळखी गाण्यांनंतर तेवढा नाही. म्हणजे पुढचं गाणं वाजायच्या आधीच ते आत वाजत होतं. २०११ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांना अजून एक गोष्ट दिसली, आवडत्या गाण्यातला अंगावर काटा आणणारा क्षण यायच्या थोडं आधीपासूनच डोपामिन, म्हणजे आनंदाशी जोडलेलं मेंदूतलं रसायन, सुटायला लागतं, आणि प्रत्यक्ष क्षणाला मेंदूच्या दुसऱ्याच भागात सुटतं. वाट बघणं हा अर्धा आनंद आहे आणि स्किप करून थेट त्या क्षणावर उडी मारली की तो अर्धा आपणच फेकून देतो.

आता वयाचं. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी म्हातारपणी पण जास्त ठळक राहतात हे मानसशास्त्रात पक्कं मानलं जातं, आणि त्या काळात ऐकलेली गाणी पण त्यांच्यासोबत राहतात, कारण तेव्हा बरंच काही पहिल्यांदाच घडत असतं. म्हणून विशीतल्यांना मी एवढंच म्हणेन की आत्ता जे ऐकताय ते जरा निवडून ऐका, हेच पुढे चाळीस वर्षं पुरणारे. आणि तिशी उलटून गेली असेल तर दार बंद झालं असं काही नाही, फक्त नवेपणा आपणच आणून द्यायचा. नवीन नोकरी, नवीन घर, लांबचा प्रवास, बाळ झाल्यानंतरच्या जागरणाच्या रात्री, अशा काळाला एक नवा अल्बम बांधून टाका आणि त्या काळात तोच लावा. रोजच्या ठरलेल्या ऑफिसच्या वाटेवर रोज वेगळी प्लेलिस्ट लावली तर त्यातलं काय आणि का लक्षात राहावं.

पण अति करू नका. आवड चढत जाते तशी एका टप्प्यानंतर उतरते पण, आणि आता कंटाळा येणार असं वाटायला लागलं की थांबायचं, कंटाळा आल्यावर नाही. काही महिने ठेवून द्या. अलार्मला तर आवडतं गाणं चुकूनही लावू नका, आठ दिवसांत त्याचा राग यायला लागतो. एखादा अल्बम वाईट आठवणीला चिकटला असेल तरी हेच, लांब ठेवा, आणि मग वेगळ्या जागी, वेगळ्या माणसासोबत, दिवसाच्या वेगळ्या वेळी लावून बघा. जुनी आठवण पुसली नाही गेली तरी वर नवीन बसायला लागते. काहींच्या बाबतीत बसत नाही, मग सोडून द्या, दुसरे अल्बम आहेत.

शेवटचं थोडं तांत्रिक. लायसन्स संपलं की स्ट्रीमिंगवरून अल्बम गायब होतात, तेव्हा जो खरंच जवळचा झालाय त्याची सीडी, रेकॉर्ड नाहीतर विकत घेतलेली फाइल, काहीतरी स्वतःकडे ठेवा. आणि डीलक्स एडिशन लावताना बघून लावा, मूळ शेवटच्या गाण्यामागे सात-आठ डेमो आणि लाइव्ह व्हर्जन जोडलेली असतात, अशा वेळी मूळ गाण्यांचीच त्याच क्रमाने एक प्लेलिस्ट बनवून ठेवा, बोनस ट्रॅक वेगळे कधीतरी ऐका.