ब्रायरचा सामना वहीत कसा उतरवायचा

मी क्रिकेटची स्कोअरर. पावसाळ्यात कांगा लीग, पुढे शाळा-कॉलेजांचे सामने, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये घरी बसून ब्रायर. ब्रायर म्हणजे कॅनडातल्या पुरुषांची राष्ट्रीय कर्लिंग स्पर्धा, १९२७ पासून चालत आलेली. कर्लिंग म्हणजे बर्फावरून दगड सरकवत पलीकडच्या टोकाला आखलेल्या वर्तुळाच्या मध्याजवळ नेण्याचा खेळ. आपल्याकडचे बरेच जण दोन एंड (दोन्ही संघांचे सगळे दगड टाकून झाले की एक एंड) बघतात आणि कंटाळून उठतात, कारण त्यांची नजर फळ्यावरच्या गुणांवर असते. गुण सगळ्यात शेवटी हलतात. त्याआधी ठरतं ते हॅमर कुणाकडे आहे त्यावर, म्हणजे एंडचा शेवटचा दगड कोण टाकणार यावर. वही आखायची ती हॅमरभोवती.

आधी वेळेचं बघा. स्पर्धा दरवर्षी वेगळ्या शहरात भरते. सेंट जॉन्सला असेल तर आपण त्यांच्या नऊ तास पुढे, टोरांटोच्या बाजूला साडेदहा, कॅल्गरीला साडेबारा. तिथला संध्याकाळी सातचा सामना सेंट जॉन्सहून आपल्याकडे पहाटे चारला दिसतो, कॅल्गरीहून सकाळी साडेसातला. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांच्याकडे बहुतेक ठिकाणी घड्याळं तासभर पुढे जातात, तेव्हा फरकातला एक तास कमी करा. पहाटेचा सामना असला की मी वही रात्रीच आखून ठेवते. झोपेच्या डोळ्यांनी मारलेल्या रेघा पुढे त्रास देतात.

गणिताची चौकटींची वही घ्या आणि आडवी धरा. डावीकडे एका संघाचे चार खेळाडू, त्याखाली दुसऱ्याचे चार, टाकण्याच्या क्रमाने: लीड, सेकंड, थर्ड, आणि स्किप म्हणजे कप्तान. पुढे दहा एंडांचे दहा रकाने. प्रत्येक जण एका एंडात दोन दगड टाकतो, तेही समोरच्या संघाशी आळीपाळीने. म्हणजे एका एंडात सोळा दगड. प्रत्येक चौकट मधोमध विभागा. दगडांच्या मुठी लाल आणि पिवळ्या असतात, म्हणून त्याच दोन रंगांच्या पेन्सिली जवळ ठेवा. एंडच्या आकड्यावर छोटं वर्तुळ काढा आणि हॅमर ज्याच्याकडे असेल त्याच्या रंगाने ते भरा. हे वर्तुळ पहिला दगड सुटायच्या आत भरलेलं पाहिजे.

आता खरं काम. तिथले आकडेवारी ठेवणारे प्रत्येक दगडाला शून्य ते चार गुण देतात, आपणही तेच करायचं. पलीकडच्या टोकाला स्किप झाडू धरून उभा असतो आणि काय हवं ते सांगतो. ते आधी लिहा: वर्तुळापुढे वाट अडवायला ठेवायच्या गार्डला ‘गा’, वर्तुळात थांबवायच्या ड्रॉला ‘ड्रॉ’, समोरच्याचा दगड उडवायच्या टेकआउटला ‘टे’. मागणी लिहून झाली की मगच दगडाकडे बघा. जसं मागितलं तसं झालं तर चार, थोडं कमी-जास्त तर तीन, निम्मं काम झालं तर दोन, अगदीच वाया गेला तर शून्य. भलतीकडे आपटून नशिबाने जागेवर बसलेल्या दगडाला मी चार देत नाही. यावर वाद घालणारे भेटतात, पण मी माझ्या मतावर ठाम आहे.

या गुणांत झाडूवाल्यांचे, म्हणजे दगडापुढचा बर्फ घासत धावणाऱ्या साथीदारांचे, कष्ट मात्र कुठेच दिसत नाहीत, म्हणून जोरात झाडलेल्या दगडापुढे बाण काढत जा. बर्फावर पाण्याचे बारीक थेंब गोठवून खडे केलेले असतात. सुमारे वीस किलोचा दगड त्यांवरून वळत जातो. झाडलं की घर्षण कमी होतं, दगड लांब जातो आणि कमी वळतो. २०१७ ची सेंट जॉन्सची अंतिम लढत या बाणासाठी बघा. घरच्या प्रेक्षकांसमोर न्यूफाउंडलंडचा स्किप ब्रॅड गुशू, समोर केविन कोचा संघ, आणि दहाव्या एंडचा शेवटचा दगड गुशूच्या हातात. दगड हळू सुटला. त्याचे साथीदार ब्रेट गॅलंट आणि जेफ वॉकर यांनी तो झाडत झाडत वर्तुळात ओढून आणला आणि सामना ७-६ असा जिंकला. न्यूफाउंडलंडला १९७६ नंतर मिळालेलं ते पहिलं ब्रायर. तिथे नुसता ‘४’ लिहिणं म्हणजे त्या दोघांवर अन्याय.

पाचव्या दगडानंतर एक उभी रेघ मारा. २०१८-१९ च्या मोसमापासून नियम असा, की पहिले पाच दगड पडेपर्यंत समोरच्याचा गार्ड उडवून खेळाबाहेर घालवता येत नाही. खरी मारामारी त्या रेघेपलीकडे सुरू होते.

एंड संपला की मध्याच्या सगळ्यात जवळ कुणाचा दगड आहे ते बघा. समोरच्याच्या सर्वांत जवळच्या दगडापेक्षा आत वर्तुळातले जितके दगड, तितके गुण, आणि तेही एकाच संघाला. ज्याने गुण केले त्याच्याकडून हॅमर जातो. शून्य-शून्य झालं तर हॅमर जागेवरच राहतो. म्हणून हॅमरवाला एका गुणावर समाधान न मानता कधी कधी शेवटचा दगड मुद्दाम पलीकडे सोडून देतो. नवख्याला ती चूक वाटते. त्या दगडाला शून्य देऊ नका, आडवी रेघ मारा आणि टक्केवारीतून तो वगळा. हॅमर नसताना गुण घेतले तर ती चोरी, तिच्याभोवती चौकोन करा. सामन्यानंतर नुसते चौकोन मोजलेत तरी कोण का जिंकलं ते बहुतेक वेळा कळतं.

दहा एंड पूर्ण झाले तर एका खेळाडूचे वीस दगड, म्हणजे ऐंशीपैकी गुण. अडुसष्ट मिळाले तर ८५ टक्के. बऱ्याचदा मागे पडलेला संघ आधीच हात मिळवून सामना सोडतो. तेव्हा न खेळलेल्या रकान्यात फुली मारा, शून्य नाही.

बाद फेरीचा तक्ता वहीच्या शेवटच्या पानावर ठेवा. तो आयपीएलसारखाच आहे: पहिला-दुसरा भिडतात आणि जिंकणारा थेट अंतिम सामन्यात जातो. हरणारा उपांत्य सामन्यात तिसऱ्या-चौथ्यातल्या विजेत्याशी खेळतो.