दारू सोडवताना घरचे लोक करतात त्या चुका

व्यसनमुक्तीसाठी येणाऱ्या कुटुंबांशी इतकी वर्षे बोलल्यावरही एक चूक ऐकली की माझा जीव आजही खालीवर होतो. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी, एका दिवसात बंद करणे ही ती चूक होय.

वर्षानुवर्षे दारूच्या गुंगीत राहिलेला मेंदू तिला तोंड देण्यासाठी स्वतःची उत्तेजना वाढवून बसलेला असतो. दारू अचानक थांबली की ती उत्तेजना मोकाट सुटते. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो, तो जिवावरही बेतू शकतो.

एका शेतकरी कुटुंबाने थोरल्या मुलाला देवापुढे शपथ घ्यायला लावून खोलीला बाहेरून कडी घातली. तिसऱ्या रात्री तो अंगावरचे नसलेले किडे झटकू लागला, वारलेल्या वडिलांशी बोलू लागला. बाहेरची बाधा समजून त्याला आधी देवऋषीकडे नेले गेले आणि रुग्णालय गाठण्यात आणखी एक दिवस गेला. तो वाचला. त्याची आई मात्र मला पुन्हा पुन्हा विचारत होती, "ताई, आम्ही त्याची दारूच सोडवत होतो ना?" तिला हा धोका कोणी सांगितलाच नव्हता.

तेव्हापासून पहिल्याच भेटीत मी विचारते: रोज किती पितात, सकाळी हात थरथरतात का, पूर्वी कधी फिट आली होती का? थरथर किंवा फिट असेल, तर शपथेआधी रुग्णालय. तिथे देखरेखीखाली शामक औषधे आणि थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, देऊन हे दिवस सुखरूप पार पाडता येतात.

दुसरी चूक म्हणजे आमटीत गुपचूप गोळी मिसळणे. ही गोळी बहुधा डायसल्फिराम या दारू सोडवण्याच्या औषधाची असते. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की शरीरात अॅसिटाल्डिहाइड हे दारूपासून बनणारे विषारी द्रव्य साचते, छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो. गोळी थांबवल्यावरही हा धोका सुमारे दोन आठवडे राहतो. रुग्णाच्या संमतीने, डॉक्टरांच्या सल्ल्याने ते उपयोगी औषध आहे. चोरून दिले तर जिवाला धोका, शिवाय घरच्या जेवणावरचा विश्वासही उडतो. असल्या आडवाटा सुचवणाऱ्या नातेवाइकांचा मला मनापासून राग येतो.

लग्न लावून दिल्याने व्यसन सुटत नाही, एका मुलीच्या आयुष्याची मात्र होरपळ होते. दारूऐवजी बिअर, हा उपाय नव्हे. पिणाऱ्याची उधारीही आपण फेडत राहू नये.

केंद्रातून महिनाभराने परतलेला माणूस 'बरा झाला' असे मानून पाठपुराव्याच्या भेटी बंद करण्याची घाईही नेहमीचीच. तो पुन्हा प्यायला, तर सकाळी तमाशा करण्याऐवजी त्याच दिवशी समुपदेशकाला कळवावे. कोणी ओळखीचे नसेल, तर १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, आणि तिथे घरच्यांनीही फोन केला तरी चालतो.